जुगार सोडायचाय: शपथेआधी पैशांची व्यवस्था

हा लेख दोघांसाठी आहे. ज्याच्या फोनमध्ये रमी, क्रिकेटचा सट्टा किंवा रंग ओळखायचा खेळ चालू आहे आणि जो कित्येक महिने स्वतःला बजावतोय की लॉस कव्हर झाला की बंद, त्याच्यासाठी. आणि त्याच्या बायकोसाठी किंवा आईसाठी, जिला कपाटात पाटल्या सापडत नाहीयेत आणि विचारायचा धीर होत नाहीये. खेळणारा पुरुषच असतो असं नाही. दुपारी फोनवर रमी खेळून भिशीचे पैसे घालवलेल्या बायकाही आहेत, आणि त्यांना घरी सांगणं आणखी जड जातं. इथे 'तो' लिहिलंय ते फक्त सोयीसाठी.

आधी एक गोष्ट. देण्यांमुळे किंवा बदनामीच्या भीतीने मरणाचे विचार मनात येत असतील, तर पुढचं वाचणं थांबवा आणि १४४१६ हा नंबर लावा. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे. २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र लागते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या एका माणसाला आत्ताच उठवा आणि सोबत बसवून घ्या. कर्जाचा आकडा कितीही मोठा असला तरी त्याचे हप्ते पाडता येतात. ते कसं, हे खाली येईलच.

आपल्याकडे जुगार सोडायचा म्हटलं की पहिल्यांदा शपथ घेतली जाते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, देवासमोर नारळ ठेवून. घेणारा त्या क्षणी मनापासून बोलत असतो, यात मला शंका नाही. पण पुढच्या पगाराच्या रात्री खात्यात पैसे आहेत, फोन हातात आहे, घर झोपलंय आणि मागच्या महिन्यात गेलेले चाळीस हजार आठवतायत. अशा वेळी सगळा भार एकट्या शपथेवर येतो. ती मोडते, आणि मोडल्यावर आपल्यात दमच नाही असं वाटून माणूस आणखी खोल जातो. म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्या आठवड्यात मन बदलण्याच्या मागे लागू नका. जुगार दोन गोष्टींवर चालतो: हाताशी असलेला पैसा आणि घरच्यांपासून लपवलेला आकडा. या दोन्ही आधी काढून घ्या. मन सावकाश बदलेल.

हे व्यसनच आहे का?

प्राथमिक चाळणीसाठी डॉक्टर आणि समुपदेशक दोन छोटे प्रश्न वापरतात. पैज लावताना दिवसेंदिवस जास्त रक्कम लावावीशी वाटते का? आणि आपण किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलंय का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर पुढची तपासणी करून घ्यावी. माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त बोलका आहे. शंभर रुपये हरलेला माणूस हसत सांगतो. खोटं बोलायची वेळ आली, म्हणजे खेळ खेळापुरता राहिलेला नाही.

आणखी खुणा सांगायच्या तर हरलेले काढायला दुसऱ्याच दिवशी पुन्हा बसणं, बंद केल्यावर चिडचिड होणं, टेन्शन आलं की खेळणं, आणि पैसे संपले की कुणाकडून तरी उचलणं. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराचा विकार आजारांच्या यादीत घेतलाय आणि दारू, तंबाखूच्या व्यसनांच्याच गटात ठेवलाय. 'वाईट सवय आहे, मनावर घेतलं तर सुटेल' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना एवढं सांगायला हरकत नाही.

मेंदू का अडकतो हे समजून घेतलं तर स्वतःची लाज थोडी कमी होते. प्रत्येक डावाला बक्षीस मिळालं असतं तर कंटाळा आला असता, कधीच मिळालं नसतं तर माणूस उठून गेला असता. कधी मिळेल ते कळत नाही, तेव्हा तो बसून राहतो. त्यात भर थोडक्यात हुकण्याची. मटक्यात ओपन बरोबर आला आणि क्लोज एका घराने गेला, रमीत एका पानासाठी सिक्वेन्स अडला, शेवटच्या चेंडूवर सिक्स बसला नाही. हिशेबाने ही निव्वळ हार आहे, पण मेंदू तिला 'जवळपास जिंकलो' असं नोंदवतो आणि पुढचा डाव लावायला सांगतो. साठच्या दशकात मुंबईत कापसाच्या भावावर सुरू झालेल्या मटक्याच्या आकड्याला दिवसातून ठरावीक वेळांना ओपन-क्लोज होता. फोनवर मधली वाट पाहायची वेळच उरलेली नाही, डाव संपायच्या आत पुढचा समोर येतो. त्यामुळे जे पूर्वी दहा वर्षांत व्हायचं ते आता एखाद्या वर्षात होतं.

'पण रमी कौशल्याचा खेळ आहे' हा वाद न्यायालयात चालू दे. तुमचं घर चालेनासं झालं असेल तर तुमच्यापुरता तो प्रश्न मिटलेला आहे. तेच शेअर बाजारातल्या ऑप्शनचं, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांचं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तीन वर्षांत तोट्यात गेलेले दिसले. एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपायच्या दिवशी हात शिवशिवत असतील आणि घरी खोटं बोललं जात असेल, तर खालचं सगळं तुम्हालाही लागू आहे.

घरात पार्किन्सनचे औषध घेणारे कुणी असतील आणि साठीनंतर अचानक लॉटरीचा किंवा पत्त्यांचा नाद लागला असेल, तर आधी डॉक्टरांना गाठा. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर ते बदलून देतात.

पहिली रात्र: खरा आकडा कागदावर

एक वही घ्या. फोनमध्ये लिहू नका, कारण फोन हातात आला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पहिल्या पानावर आज कुणाचं किती देणं आहे ते लिहा: बँक, क्रेडिट कार्ड, पतसंस्था, लोन ॲप, सोनेतारण, सावकार, बुकी, हातउसने, उचललेली भिशी. प्रत्येकापुढे व्याज, पुढची तारीख आणि जामीनदार कोण. दुसऱ्या पानावर गहाण काय आहे आणि विकलं काय. गेल्या सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढून जुगारात गेलेल्या रकमांवर खूण करा आणि बेरीज करा.

ही बेरीज बहुतेकांनी कधी केलेलीच नसते. डोक्यात दीड-दोन लाख असतात, वहीत सहा निघतात. पोटात गोळा येईल, तरी रात्री उशिरा नको तर संध्याकाळी, पण करा. विसरलेली कर्जं शोधायला स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढता येतो. सिबिलसारख्या, कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

मग त्याच पानाखाली एक ओळ लिहा: हे पैसे गेले. 'अडकलेत' असं लिहू नका. लॉस कव्हर करायची इच्छा हीच या आजाराची सगळ्यात मजबूत दोरी आहे. जोवर मनात ती रक्कम अजून आपलीच आहे, फक्त काढायची राहिलीय, तोवर पुढच्या डावाला कारण मिळत राहतं. ती रक्कम पगारातून हळूहळू भरायची आहे. चार वर्षं लागतील, कदाचित सहा. पण दर महिन्याला आकडा खाली जाईल, आणि जुगाराने तो एकदाही टिकून खाली गेलेला नाही.

एका माणसाला सगळं सांगा

कुणाला, हे जपून ठरवा. ज्याचा तुमच्या घराच्या पैशांशी संबंध येतो आणि जो ऐकून पळून जाणार नाही, असा माणूस हवा. लग्न झालेलं असेल तर बहुतेक वेळा बायको. तिच्यापासून लपवून भावाला सांगितलं तर गुपित फक्त एका घरातून दुसऱ्या घरात जातं. तिची तब्येत नाजूक असेल, किंवा घरात आधीच मारहाणीपर्यंत गोष्टी गेल्या असतील, तर पहिल्यांदा मेहुणा, मोठी बहीण किंवा समुपदेशक यांच्यासमोर बोला.

कसं सांगायचं? वही समोर ठेवून. 'थोडं कर्ज झालंय' अशी सुरुवात नको. लोक इथे हमखास निम्मा आकडा सांगतात, कारण समोरच्याचा चेहरा बघवत नाही. मग दोन महिन्यांनी उरलेला निम्मा बाहेर येतो आणि तेव्हा जो विश्वास जातो तो परत येत नाही. म्हणून एकदाच, पूर्ण. साधारण असं:

'मी गेलं दीड वर्ष फोनवर पैसे लावून खेळतोय. सगळं मिळून सहा लाख वीस हजार देणं आहे, ते इथे लिहिलंय. तुझ्या पाटल्या गहाण आहेत, पावती ही. मला एकट्याने थांबता येत नाहीये. माझे पैसे तू सांभाळ आणि माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल.'

त्यानंतर गप्प बसा. ती ओरडेल, रडेल, माहेरी फोन लावेल. तिला तेवढा हक्क आहे. 'मी सांगितलं ना आता, मग अजून काय' हे वाक्य त्या रात्री तोंडातून येऊ देऊ नका. माफीही लगेच मागून घेऊ नका.

पैशांची दारं बंद करणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. एक दिवस सुट्टी काढा आणि दोघांनी मिळून बँकेत जा.

पगार स्वतःच्या नावाच्या खात्यातच येत असतो, तो तिथे राहू द्यायचा नाही. पगाराच्याच तारखेला रक्कम बायकोच्या किंवा आईच्या खात्यात जाईल अशी स्थायी सूचना बँकेत लिहून द्या. आपलं डेबिट कार्ड परत करा. क्रेडिट कार्ड बंद करायला सांगा. थकबाकी असेल तर वापर बंद करून बाकी हप्त्यात पाडून घ्या. कार्ड ठेवावंच लागत असेल तर बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांचं बटण बंद करता येतं, ही सोय रिझर्व्ह बँकेने २०२० पासून सगळ्या बँकांना बंधनकारक केली आहे.

संयुक्त खात्याबद्दल लोकांची एक चूक होते. 'दोघांपैकी कुणीही' असं लिहिलेलं खातं उघडलं, तर काहीच बदलत नाही, दोघंही काढू शकतात. बचत, बोनस, जमिनीचे किंवा पिकाचे पैसे ठेवायचे असतील तर 'दोघांच्या सहीने' चालणारं खातं मागा. अशा खात्याला बँका सहसा कार्ड आणि यूपीआय देत नाहीत. एरवी ही अडचण वाटते, इथे आपल्याला तेच हवं आहे.

रोजच्या खर्चाचं काय? चहा, पेट्रोल, डबा यांसाठी आठवड्याला ठरलेली रोख रक्कम घ्या. रोखीने चालत नसेल तर यूपीआय सर्कल ही सोय वापरा. २०२४ मध्ये आलेल्या या सोयीत खातं बायकोचं राहतं आणि तुम्ही दुय्यम वापरकर्ते होता. एका प्रकारात तुमच्या प्रत्येक पेमेंटला तिची मंजुरी लागते, दुसऱ्यात तिने घातलेल्या महिन्याच्या मर्यादेत तुम्ही खर्च करू शकता. सुरुवातीचे सहा महिने पहिलाच प्रकार ठेवा. स्वतःच्या खात्याचं यूपीआय मात्र सगळ्या ॲपमधून काढून टाका.

मग मागची दारं. मुदत ठेव ऑनलाइन मोडता येते. पीएफची आगाऊ उचल घरबसल्या मिळते. बँकेच्या ॲपवर मंजूर कर्ज एका बोटावर तयार असतं. म्हणून पीएफचा पासवर्ड बदलून तो दुसऱ्याच्या ताब्यात द्या, मंजूर कर्जाचे देकार थांबवायला बँकेला लेखी सांगा आणि जाहिरातींचे फोन, मेसेज थांबवायला १९०९ वर नोंद करा. शक्य असेल तर बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबरच बदला, म्हणजे ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर जाईल. पतसंस्थेत आणि भिशीवाल्यांनाही सांगावं लागेल. लाज वाटेल. पण भिशी चालवणाऱ्या ताईंना 'यांना पुढचा नंबर देऊ नका, माझ्या हातात द्या' एवढं बायकोने सांगितलं तरी पुरतं, कारण सांगत बसायची गरज नाही. सोनं, जमिनीचे कागद, चेकबुक घरातून काढून माहेरी किंवा लॉकरमध्ये ठेवा.

हे सगळं करताना तुम्हाला लहान मूल झाल्यासारखं वाटेल. म्हणून आधीच ठरवून घ्या: ही व्यवस्था सहा महिन्यांसाठी, मग दोघांनी समुपदेशकासमोर बसून फेरविचार. आणि ज्याच्या हातात पैसे आले त्याने त्याचा वापर रोज टोमणे मारायला करायचा नाही. दर रविवारी दहा मिनिटं हिशेब, बाकीचे दिवस तो विषय नाही.

फोन

इथे कमी वेळ लागतो. ॲप काढण्याआधी आत जाऊन खातं बंद करा, नुसतं ॲप उडवलं तर ते पुन्हा यायला दोन मिनिटं पुरतात. टिप्स देणारे टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडा, सट्ट्याच्या साइटचा आयडी देणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा. बेटब्लॉकर हे मोफत ॲप जुगाराच्या हजारो साइट ठरावीक मुदतीपर्यंत अडवून ठेवतं आणि मुदत संपेपर्यंत सहज काढता येत नाही. अँड्रॉइडवर बाहेरून ॲप टाकण्याची परवानगी बंद करा. रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, गजरासाठी घड्याळ आणा.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि मोठ्या कंपन्यांनी ते खेळ थांबवले. त्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. अनेकांना वाटलं की आता आपोआप सुटेल. पण परदेशी साइट आणि 'आयडी' देणारे दलाल चालूच राहिले, आणि तिथे धोका जास्त आहे. पैसे कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या यूपीआयवर पाठवायला सांगतात. ते खातं सायबर गुन्ह्यात अडकलं की तुमचंही गोठवलं जाऊ शकतं. उधारी फेडण्यासाठी 'तुझं खातं महिनाभर दे' असं कुणी म्हटलं तर अजिबात देऊ नका. त्यात तुम्ही आरोपी ठरता.

देणेकरी दारात आहेत

सगळी देणी एका मापाने मोजू नका. घरभाडं, किराणा, वीज, फी हे आधी बाजूला काढा. उरलेल्यातून पहिला मान पतसंस्थेचा आणि सोनेतारणाचा, असं माझं मत आहे. पतसंस्थेचा हप्ता थकला तर जामीनदार मित्राच्या पगारातून कपात सुरू होते, आणि सोनं लिलावात गेलं की घरातला उरलेला धीरही जातो. बँकेला आणि कार्ड कंपनीला स्वतःहून लेखी कळवून हप्ते वाढवून मागा. फोन टाळणाऱ्याला सवलत मिळत नाही. वसुलीच्या माणसांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मोडला तर आधी बँकेकडे, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

फोनमधले नंबर काढून नातेवाइकांना अश्लील फोटो पाठवायची धमकी देणारी लोन ॲप ही वसुली नव्हे, गुन्हा आहे. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा, स्क्रीनशॉट जपून ठेवा. आणि घाबरून त्यांना आणखी पैसे भरू नका, भरले की मागणी वाढते.

गावातला सावकार महिना दहा टक्क्यांनी वसूल करत असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते बघा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्यात, तक्रार होते. व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

बुकीचं देणं वेगळं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल असतो, पैजेत जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही. बुकीला हे नीट माहीत असतं, म्हणून तो माणसं पाठवतो. धमकी आली तर ११२ आणि पोलीस ठाणं. स्वतःवरच गुन्हा लागेल अशी भीती वाटत असेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन वकिलाचा सल्ला घ्या. १५१०० हा त्यांचा नंबर आहे. महिलांना आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

घरच्यांनी काय करू नये

वडिलांनी जमिनीचा तुकडा विकून सगळं कर्ज एका दिवसात फेडलं, आणि वर्षभरात मुलगा पुन्हा तेवढ्यात. महाराष्ट्रात कुठेही विचारा, अशी घरं सापडतील. कर्ज फिटलं की त्याच्यासाठी उधारीचे सगळे रस्ते नव्याने मोकळे होतात. जे दुखत होतं ते दुखायचं थांबतं, आजार तसाच असतो. मदत करायचीच असेल तर आधी वर सांगितलेली पैशांची व्यवस्था होऊ द्या. मग रक्कम त्याच्या हातात न देता थेट देणेकऱ्याला द्या, बाकी नसल्याचा दाखला घ्या आणि काही हप्ते त्याच्याच पगारातून जाऊ द्या.

कर्जाला जामीन राहू नका. आपलं आधार, पॅन, ओटीपी त्याला देऊ नका; बायकोच्या नावावर लोन ॲपचं कर्ज निघालेलं तिला वसुलीच्या फोनवरूनच कळतं. आणि 'लग्न करून द्या, जबाबदारी आली की सुधारेल' हा सल्ला देणाऱ्याला तिथेच थांबवा. एका मुलीचं आयुष्य हे कुणाच्या व्यसनावरचं औषध नाही.

त्याला थेट विचारा: 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने असा विचार डोक्यात भरत नाही, उलट मनात साठलेलं बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर एकटं सोडू नका, शेतावरची कीटकनाशकं कुलपात टाका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला पोलीस धरतील या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानून शिक्षेपासून संरक्षण आणि उपचार दिले आहेत.

तलफ येते तेव्हा

पहिले दोन-तीन आठवडे झोप लागणार नाही, चिडचिड होईल, दिवस रिकामा वाटेल. दारू सुटताना होतं तसंच काहीसं, आणि ते ओसरतं. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासात उतरते. तेवढा वेळ काढायचा, बस. फोन घरी ठेवून बाहेर चालायला जा, अंघोळ करा, ज्याला सगळं माहीत आहे त्याला फोन लावून 'आत्ता हात शिवशिवतायत' एवढंच म्हणा. त्याने उपदेश करू नये, बोलत राहावं.

आपली वेळ ओळखा. रात्रपाळीनंतरचे दोन तास, पगाराची रात्र, बायको माहेरी गेलेली. त्या वेळेत काहीतरी ठेवा जिथे दुसरी माणसं आहेत: तालीम, भजन, मैदानावर प्रत्यक्ष खेळायचं क्रिकेट. दारू पिऊन खेळत असाल तर दारूही थांबवावी लागेल. काही जण वारकऱ्यांची माळ घालतात. माळेमुळे संगत बदलते, संध्याकाळी जायला जागा मिळते, चार माणसं विचारपूस करतात, आणि हे सगळं खरोखर उपयोगी पडतं. फक्त माळ घातली म्हणून कार्ड परत घेऊ नका.

डॉक्टर आणि सोबत

मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये हा विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून भेटता येतं, दाखल व्हायची गरज बहुतेकांना पडत नाही. तिथे सांगायचं वाक्य सोपं आहे: 'मला जुगाराचं व्यसन आहे, एवढं कर्ज आहे, झोप नाही.' सोबत वही न्या. ही माहिती तुमच्या ऑफिसला कळवली जात नाही, गोपनीयता हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

तिथे मुख्य काम बोलण्याचं होतं. 'सलग पाच वेळा हरलो, आता लागणारच' यासारखे समज तपासून बघायचे, तलफेच्या वेळा शोधायच्या, दुसरे मार्ग ठरवायचे. जोडीला नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावर औषध. काहींना नॅलट्रेक्सोन देतात, तलफ कमी करायला. एका भेटीत फरक दिसणार नाही. निदान सहा-आठ भेटी झाल्याशिवाय 'काही उपयोग नाही' असं ठरवू नका.

गॅम्बलर्स ॲनॉनिमस ही १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेली, जुगार सोडणाऱ्यांच्या सभांची चळवळ भारतातही आहे. फी नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही. आपल्यासारखाच एक माणूस दोन वर्षं न खेळता समोर बसलेला दिसणं, हे कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त धीर देतं. गावाजवळ सभा नसेल तर व्यसनमुक्ती केंद्रात फोन करून जुगारासाठी गट चालतो का ते विचारा.

वर्षाच्या तारखा आणि पाय घसरला तर

कॅलेंडरवर काही दिवस आधीच लाल करून ठेवा. आयपीएलचे दोन महिने, गटारी, गणपतीतलं जागरण, दिवाळी, बोनस, कारखान्याचं ऊसबिल, कांद्याची पट्टी. गणपतीत पत्ते 'नुसते दहा रुपयांनी' चालतात आणि नाही म्हणणारा वेडा ठरतो. पहिल्या वर्षी आरती करून घरी या. मॅच बघायचीच असेल तर घरच्यांसोबत, फोन दुसऱ्या खोलीत. पण पहिला हंगाम अजिबात न बघितलेला बरा. पट्टी किंवा बोनस यायच्या आठवड्यात दोघांनी बसून त्या पैशांची वाटणी आधीच लिहून ठेवा.

एवढं करूनही बरेच जण एकदा तरी पुन्हा खेळतात. त्या वेळी सगळ्यात जास्त नुकसान पुढच्या चोवीस तासांत होतं, कारण हरलेले काढायला आणि लपवायला माणूस तिथून पुढे धावतो. म्हणून आजच दोघांत ठरवून ठेवा: घसरलो तर त्याच दिवशी सांगणार, आणि सांगितलं तर घरात त्या रात्री भांडण होणार नाही. जेवा, झोपा. सकाळी वही उघडून पैसा कुठून आला ते शोधा. एखादं विसरलेलं खातं, मित्राचा फोन, दुकानाचा गल्ला, जे असेल ते. दुपारच्या आत ते दार बंद करा आणि डॉक्टरांची पुढची तारीख अलीकडे घ्या.